वडिलांच्या दिंडीची वही आणि तुमचा अभ्यासविषय

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्यातला आशय आधी थोडक्यात सांगते. तुम्ही माळशिरस तालुक्यातल्या एका गावच्या. राज्यशास्त्रात बी.ए. करून गेली चार वर्षे एका पतसंस्थेत नोकरी करता आणि आधुनिक सार्वजनिक जीवनातील धर्माचे स्थान या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असे तुमच्या मनात आहे. वडील माळकरी आहेत. दरवर्षी ते आळंदीहून पंढरपूरला पायी जातात आणि त्यांच्या दिंडीचा जमाखर्चही तेच लिहितात. तुमचा बेत ऐकून ते म्हणाले, "देवाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नकोस." ज्या प्राध्यापकांना तुम्ही भेटलात, त्यांनी विषय फारच मोठा असल्याचे सांगून तुम्हाला परत पाठवले. मैत्रीण म्हणाली की याने पोट भरणार नाही. आणि तुम्ही स्वतः विचारता की ज्या परंपरेचा हरिपाठ ऐकत मी वाढले, तिचाच अभ्यास मला प्रामाणिकपणे करता येईल का.

वडिलांचे म्हणणे आधी घेते, कारण तुमच्या पत्रातला खरा ताण तिथे आहे, आणि त्या म्हणण्यामागे या विद्याशाखेबद्दलचा एक गैरसमज आहे जो सुशिक्षितांमध्येही सर्रास आढळतो. देव आहे की नाही, विठ्ठल नवसाला पावतो की नाही, हा या अभ्यासाचा प्रश्नच नाही. माणसे आपली श्रद्धा घेऊन घराबाहेर पडतात, रस्त्यावर येतात, एकत्र पैसे जमवतात, सरकारकडे पाणी मागतात, एकमेकांना आत घेतात किंवा बाहेर ठेवतात, तेव्हा जी व्यवस्था उभी राहते तिचा हा अभ्यास आहे. देव त्या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी असतो. परंतु साक्षीला बोलवायचे असते ते माणसांना, कायद्यांना आणि हिशेबाच्या वह्यांना.

वह्यांचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. 'सार्वजनिक' हा शब्द आपल्या राजकीय जीवनात ज्या संस्थेने रुजवला, ती पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. तिच्या स्थापनेमागचे एक निकटचे कारण होते पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयी पुणेकरांच्या तक्रारी. देवळाचा कारभार नीट चालतो का, आणि तो पाहण्याचा अधिकार लोकांना आहे का, असे ते साधे प्रश्न होते. पुढे हीच सभा दुष्काळ, शेतसारा आणि शेतकऱ्यांचे हाल यांवर सरकारला जाब विचारू लागली. धर्म आणि सार्वजनिक जीवन यांचा संबंध म्हटला की बहुतेकांना १८९३ चा गणेशोत्सव आठवतो, आणि तो महत्त्वाचा आहेच. परंतु त्याच्याही दोन दशके आधी, एका देवस्थानाच्या कारभारातून, मराठी माणूस 'आम्ही सर्व जन' या नात्याने बोलायला शिकला होता, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. तुमच्या वडिलांना हे अवश्य सांगा. हिशेब विचारणे म्हणजे देवावर संशय घेणे नव्हे, हे दिंडीचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाइतके दुसऱ्या कुणाला पटणार?

आता पंढरपूरच घ्या, कारण ते तुमच्या घरापासून जवळ आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी तिथे तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले आणि विठ्ठलमंदिर अस्पृश्यांसाठी खुले झाले. चोखोबांची समाधी ज्या महाद्वारासमोर आहे, त्या द्वारातून आत जाण्याचा हक्क त्यांच्या लोकांना मिळण्यासाठी सहा शतके लागली. पुढे बडवे, उत्पात आणि सेवाधारी या मंदिरातल्या पुजारी-सेवेकरी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांची चौकशी करण्यासाठी शासनाने नाडकर्णी आयोग नेमला, आणि १९७३ मध्ये ते हक्क रद्द करणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम विधिमंडळाने केला. मात्र कायदा झाला म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हते. न्यायालयीन लढाई चालू राहिली आणि सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला तो जानेवारी २०१४ मध्ये. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या पदांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. उपोषण, आयोग, अधिनियम, निकाल आणि शेवटी नोकरभरतीची जाहिरात, हा सदुसष्ट वर्षांचा प्रवास आहे. त्यातल्या एकाही टप्प्यावर 'विठ्ठल खरा की खोटा' हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. प्रश्न नेहमी हाच होता की विठ्ठल कोणाचा, आणि त्याच्या दारात कोण कोणाला थांबवू शकतो.

दुसरीकडे राज्यसंस्था स्वतःच त्या दारात उभी असते. आषाढी एकादशीला पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक शासकीय महापूजा करतात आणि दर्शनरांगेतून निवडलेले एक वारकरी दांपत्य मानाचे वारकरी म्हणून त्यांच्याबरोबर गाभाऱ्यात असते; त्या दांपत्याला एसटीचा वर्षभराचा मोफत पासही मिळतो. जुलै २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे मुख्यमंत्री पंढरपूरला गेलेच नाहीत. एका समाजाची राजकीय मागणी आणि एका देवाची पूजा यांची गाठ अशी एका पहाटेवर पडली. ज्या घटनेकडे वृत्तवाहिन्यांनी दोन दिवस पाहिले, तिच्यावर एका विद्यार्थ्याला दोन वर्षे काम करता येईल.

प्राध्यापकांचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. 'आधुनिक सार्वजनिक जीवनातील धर्माचे स्थान' हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. ते फार तर एखाद्या अभ्यासक्रमाचे नाव होऊ शकते. या नावाचे अभ्यासक्रम परदेशात का सुरू झाले, हे मात्र समजून घ्या. समाज आधुनिक झाला की धर्म माणसाच्या खासगी खोलीत जाऊन बसेल, असे पश्चिमेकडच्या समाजशास्त्राने दीर्घकाळ धरून चालले होते. १९७९ ची इराणी क्रांती, त्यानंतरच्या वर्षीचे पोलंडमधले कामगारांचे आंदोलन आणि त्यामागे उभे राहिलेले कॅथलिक चर्च, अमेरिकेच्या निवडणुकांत उतरलेले पुराणमतवादी ख्रिस्ती गट, हे सगळे एकापाठोपाठ घडले आणि त्या गृहीतकाला तडे गेले. आपल्याकडे धर्म त्या खोलीत कधी गेलाच नव्हता. त्यामुळे तिथल्या संकल्पना वाचा, पण त्या जशाच्या तशा वारीतल्या वाखरीच्या रिंगणावर ठेवून पाहू नका.

हे मी अनुभवाने सांगते. फार वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्याच क्षेत्रकार्यात, मी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेल्या दर्शनरांगेत उभी राहून लोकांना धर्म आणि शासन यांच्या संबंधाबद्दल विचारत होते. लोक सौजन्याने उत्तरे देत होते आणि त्या उत्तरांत काहीही नव्हते. संध्याकाळी मराठवाड्यातून आलेल्या एक वयस्क बाई भेटल्या. पायांना फोड आले होते आणि रांगेत उभे राहणे त्यांना शक्य नव्हते. पदस्पर्श नाही तर मुखदर्शन, मुखदर्शन नाही तर कळसाचे दर्शन, अशी आपल्या वारीची उतरती मांडणी त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितली आणि मग म्हणाल्या, "कळस सगळ्यांना सारखाच दिसतो. पाय मात्र पास असलेल्यांना लवकर मिळतात." त्या एका वाक्यात समता होती, व्यवस्थापन होते आणि राज्यसंस्थेने वाटलेली सवलतही होती. मी दिवसभर चुकीचे शब्द घेऊन हिंडत होते, हे मला त्या क्षणी कळले. त्यानंतर मी पाण्याचा टँकर, पास, राहुटीची जागा आणि शौचालये यांबद्दल विचारायला सुरुवात केली, आणि लोक तास तास बोलू लागले.

म्हणून तुमच्यासाठी एक नेमका विषय सुचवते. २०२४ मध्ये राज्य शासनाने वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये अनुदान जाहीर केले. तोवर दिंडी चालत होती ती वारकऱ्यांच्या भिशीवर, म्हणजे दिंडीसाठी दिलेल्या वर्गणीवर, गावातल्या दात्यांच्या धान्यावर आणि वाटेवरच्या अन्नदानावर. या जमाखर्चात सरकारी रक्कम आली की काय बदलते? अनुदान मिळवण्यासाठी दिंडीला कोणते कागद करावे लागतात, आणि ज्यांना ते जमत नाहीत त्यांचे काय होते? दिंडीचालकाचे गावातले वजन वाढते की त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते? कोणी ते पैसे नाकारले का, आणि नाकारताना कोणत्या शब्दांत नाकारले? राज्यघटनेचे सत्ताविसावे कलम सांगते की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणालाही कर देण्याची सक्ती करता येणार नाही. हज यात्रेच्या अनुदानावर याच कलमाच्या आधारे आक्षेप घेतला गेला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, पण पुढच्याच वर्षी ते अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने ते बंद केले. एका यात्रेचे अनुदान संपते आणि काही वर्षांत दुसऱ्या यात्रेला अनुदान मिळू लागते, या दोन घटना शेजारी ठेवून त्यांतले साम्य आणि फरक शांतपणे दाखवणे हे उत्तम पदव्युत्तर काम होईल. कोणाची बाजू घ्यायची हे आधी ठरवून ते करू नका. केंद्र आणि राज्य, विमानभाडे आणि दिंडीचा शिधा, न्यायालयाचा आदेश आणि मंत्रिमंडळाचा निर्णय, यांतले भेद खरे आहेत, आणि ते पुसून टाकले तर तुमचा प्रबंध भाषण होऊन बसेल.

शब्दांच्या बाबतीतही फार सावध राहावे लागेल. 'धर्मनिरपेक्ष', 'इहवादी', 'पंथनिरपेक्ष' आणि 'सर्वधर्मसमभाव' हे शब्द मराठीत एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत आणि त्यांच्यामागचे राजकारणही वेगळे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये, टाळेबंदीत बंद असलेली देवळे उघडण्याच्या प्रश्नावर, तत्कालीन राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात तुम्ही अचानक 'सेक्युलर' झालात का, अशा आशयाचा प्रश्न केला आणि मुख्यमंत्र्यांनी उत्तरात त्यांना राज्यघटनेच्या शपथेची आठवण करून दिली. दोन घटनात्मक पदांवरच्या व्यक्तींमध्ये एका शब्दाच्या अर्थावरून वाद होतो, तेव्हा विद्यार्थ्याने तो शब्द कोशातून उचलून चालत नाही. आणखी एक शब्द पाहा: 'धर्मादाय आयुक्त'. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली याच कार्यालयात देवळाची नोंद होते, चर्चची होते, शाळेची होते आणि गल्लीतल्या गणेश मंडळाचीही होते. तुम्ही पतसंस्थेत काम करता, त्यामुळे लेखापरीक्षण म्हणजे काय हे तुम्हाला शिकवावे लागणार नाही. विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट आणि त्यावरच्या हरकती वाचायला शिका. गावातली सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली, हे त्या कागदांत पुष्कळदा निवडणुकीच्या निकालापेक्षा स्पष्ट दिसते.

या कायद्यालाही आव्हान मिळाले होते. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त न्यायालयात गेले, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द करून बाकीचा कायदा टिकवला. दाऊदी बोहरा समाजातल्या बहिष्काराविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला कायदा तर १९६२ मध्ये न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्दच ठरवला. पुढे २०१६ मध्ये महाराष्ट्राने जातपंचायतींना समोर ठेवून सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तेव्हा तोच जुना प्रश्न नव्या रूपात परत आला. हे सांगण्याचा हेतू असा की तुमचे मुख्य काम वारीवर असले, तरी वाचन वारीपुरते ठेवू नका. जिला फक्त आपल्याच घरचा देव्हारा ठाऊक आहे, तिला तोही पुरता दिसत नाही.

आता तुमचा सर्वांत मनापासूनचा प्रश्न. आपल्याच परंपरेचा अभ्यास करता येतो का? येतो, मात्र आपण कोठे उभे आहोत हे उघडपणे सांगून. इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून वारीत चालल्या आणि वारकऱ्यांविषयीचे त्यांचे प्रेम त्यांनी लपवले नाही. पण दिवसभर एका सुरात अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंक्ती जेवायला वेगवेगळ्या बसतात, ही गोष्टही त्यांनी डोळ्यांआड केली नाही. प्रेम होते म्हणूनच ती त्यांना बोचली. तुम्हाला अभंग तोंडपाठ आहेत, काकड्यापासून शेजारतीपर्यंतचा क्रम ठाऊक आहे, चोपदाराने दंड उंचावला की काय करायचे हे सांगावे लागत नाही. बाहेरच्या अभ्यासकाला हे शिकायलाच वर्ष लागते. तुमची अडचण नेमकी उलटी आहे. जे तुम्हाला स्वाभाविक वाटते ते तुम्ही टिपणार नाही. स्वयंपाक कोण करते, वीणा कोणाच्या गळ्यात असते, मासिक पाळी आलेली मुलगी कुठे झोपते, हे प्रश्न तुमच्या मनात येणारच नाहीत, कारण उत्तरे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहेत. त्यासाठी दोन वह्या ठेवा. एकीत पाहिलेले आणि ऐकलेले, दुसरीत त्या वेळी तुम्हाला काय वाटले ते. महिन्याने दुसरी वही वाचलीत, तर कोणत्या जागी तुम्ही नजर वळवली होती ते तुम्हालाच दिसेल.

आणि कृपा करून लक्षात ठेवा की राहुटीत रात्री विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही माहिती होण्याआधी एका माणसाची गोष्ट असते. विचारल्याशिवाय ती लिहू नका, नाव-गाव ओळखू येईल असे लिहू नका, आडनावावरून जात ठरवू नका. हा विषय आज फार लवकर पेट घेतो. अर्धवट टिपण समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह अभ्यास पूर्ण होईपर्यंत कटाक्षाने टाळा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची ऑगस्ट २०१३ मध्ये हत्या झाली आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झटले तो त्याच वर्षी झाला. त्या कायद्याच्या मसुद्याला वारकरी संघटनांनी वर्षानुवर्षे विरोध केला होता, आणि यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना कायदा लागू होणार नाही अशी तरतूद त्यात शेवटी आली. दोन्ही बाजूंना माणसे होती आणि दोन्ही बाजूंच्या भीतीला कारणे होती. ती कारणे समजून घेण्याचे धैर्य तुमच्याकडे असेल, तरच या विषयात या.

व्यवहाराचे थोडक्यात सांगते. धर्माच्या तौलनिक अभ्यासाची सोय असलेले विभाग भारतात मोजके आहेत. दिल्लीत जामिया मिल्लियामध्ये, पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात, विश्वभारतीत आणि नालंदा विद्यापीठात ते आहेत. परंतु तुमच्या विषयासाठी मी समाजशास्त्राचा एम.ए. पसंत करीन, मग तो सोलापूर विद्यापीठातला असो, पुण्याचा असो की नोकरी सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठाचा असो, कारण क्षेत्रकार्य करण्याची शिस्त तिथे लागते. इंग्लंड-अमेरिकेचा विचार आत्ता बाजूला ठेवा. लीड्सने या नावाची एम.ए. चालवली आहे आणि हार्वर्डने एक वर्षाची पदवी सुरू केली होती, पण ही दुसरी अनुभवी व्यावसायिकांसाठी होती, आणि हातात स्वतःचे काम नसताना एवढे कर्ज काढू नये. मैत्रिणीचे म्हणणे खोटे नाही. सहायक प्राध्यापकांच्या कायम जागा फार कमी आहेत आणि सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे तुमच्याही ओळखीत असतील. त्यामुळे एम.ए. पुरे होईपर्यंत पतसंस्था सोडू नका. नेटच्या विषययादीत धर्मांचा तौलनिक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, हे ध्यानात असू द्या. पुढे पीएच.डी. करायचे ठरले, तर बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांपैकी जिथे तुम्ही पात्र असाल तिथल्या अधिछात्रवृत्तीची नियमावली त्या त्या वर्षीची वाचा. जुन्या माहितीवर विसंबू नका.

प्रवेशाच्या अर्जाआधी मात्र एक काम करा. वडिलांकडे दिंडीच्या जुन्या वह्या असतील. ट्रकचे भाडे, तांदूळ, गॅसच्या टाक्या, आचाऱ्याची मजुरी, कोणी किती भिशी दिली आणि कोणाला माफ केली, हे सगळे त्यांत असेल. त्या वह्या परस्पर काढून वाचू नका. वडिलांना विचारा, आणि त्यांनी होकार दिला तर त्यांनाच शेजारी बसवून सर्वांत जुनी वही उघडा. एखाद्या नावापुढे रक्कम नसेल, तर ती का नाही ते त्यांना सांगू द्या. तुम्ही फक्त लिहून घ्या.